डिकीतली करवत: बॅटरीवरची छोटी चेनसॉ निवडताना

जुलैचा दुसरा आठवडा. ताम्हिणीत सकाळपासून कोसळतोय आणि एका वळणावर आठ-दहा गाड्यांची रांग लागलेली. पुढे रस्त्यावर आडवं झाड. कुणी कोयता शोधतंय, कुणी मोबाईलला रेंज. अशात मागच्या जीपमधून एकजण खेळण्यासारखं दिसणारं, हातभरही लांब नसलेलं यंत्र घेऊन येतो. पहिल्या चार-पाच फांद्या काकडीसारख्या कापल्या जातात. बघे खूश. मग उत्साहाच्या भरात तो करवतीचं पातं सरळ बुंध्यात घालतो. झाड आपल्याच वजनाने किंचित बसतं, काप मिटतो आणि करवत आत अडकून राहते. आता रस्त्यात झाड आहे आणि झाडात करवत.

सह्याद्रीच्या घाटांत आणि कोकणात पावसाळ्यात हे चित्र आता फारसं नवं राहिलेलं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. दोन्ही वेळी गावंच्या गावं पडलेल्या झाडांनी तुटली आणि एनडीआरएफच्या जवानांच्या हातातली चेनसॉ लोकांनी जवळून पाहिली. ती होती पेट्रोलवरची, जड, सराव लागणारी यंत्रं. आपल्या गाडीतही असं काहीतरी असावं, असं अनेकांना वाटलं आणि त्यांची नजर बॅटरीवरच्या छोट्या चेनसॉवर गेली.

तिथूनच गोंधळ सुरू होतो. किती इंची घ्यावी? ४८ व्होल्टची ऑनलाइन अडीच हजारांत मिळते, मग नामांकित कंपनीची १८ व्होल्टची इतकी महाग का? ट्रेकला पाठीवर नेता येईल का? आणि सगळ्यात महत्त्वाचा, पण सगळ्यात शेवटी विचारला जाणारा प्रश्न: जंगलात ती चालवायला परवानगी लागते का?

आधी काम ठरवा

चेनसॉ घेण्याआधी एका साध्या प्रश्नाचं उत्तर स्वतःला द्या. तुमच्या वाटेत नेमकं काय आडवं येतं?

मळलेल्या वाटेवर मनगटाएवढ्या फांद्या, करवंदीची जाळी, वाकलेली कारवी आणि बांबू एवढंच येत असेल, तर तुम्हाला चेनसॉ नको आहे. चांगल्या दातांची, ओढताना कापणारी घडीची हातकरवत तुमचं काम जास्त शांतपणे करेल. सिल्कीसारख्या जपानी कंपन्यांच्या घडीच्या करवती ३०-३६ सेंटिमीटर पात्याच्याही मिळतात. त्यांचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास असतं आणि त्यांना चार्जिंग लागत नाही. बांबू आणि कारवीसाठी तर छोटी चेनसॉ नकोच, कारण पातळ काठ्या चेनबरोबर खेचल्या जातात आणि तंतू पात्यात गुंततात. तिथे कोयता तो कोयताच.

गाडीने कच्च्या रस्त्याला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. आंब्याच्या बागेकडे जाणारा चढ, धनगरवाड्यावरची वाट, वनखात्याच्या परवानगीने जिथे जाता येतं असे जंगलातले रस्ते. इथे मांडीएवढ्या जाडीच्या फांद्या नेहमी येतात आणि गाडी असल्यामुळे वजनाचा प्रश्न नसतो. बॅटरीवरची छोटी चेनसॉ खरी शोभते ती इथे.

अख्खा बुंधा हे तिसरं काम. रस्त्यावर पडलेला रेन ट्री, जुना आंबा, दोन माणसांच्या कवेत न येणारा वड. असं झाड कुठल्याही छोट्या चेनसॉचं काम नाही, मग जाहिरातीत काहीही दाखवलेलं असो. ते सार्वजनिक बांधकाम खातं, वनखातं किंवा आपत्ती व्यवस्थापनाच्या पथकाकडे सोपवा. तुम्ही फांद्या काढून एक गाडी निघेल एवढी वाट केलीत तरी पुष्कळ झालं.

एक गोष्ट मात्र बरेचजण विसरतात. गाडी आहे म्हणजे दोर आहे. वीस सेंटिमीटर जाडीची, चार मीटर लांबीची फांदी कापून तिचे सहा तुकडे करण्यापेक्षा एका जागी कापून दोराने कडेला ओढणं सोपं असतं. ओढताना दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नये, एवढं पाळा.

बार किती लांब?

ज्या पात्याभोवती चेन फिरते त्याला बार म्हणतात. छोट्या चेनसॉ साधारण चार मापांत येतात.

- १० सेंटिमीटर, म्हणजे ४ इंच. जर्मनीच्या स्टिलची जीटीए २६ ही या वर्गातली सर्वांत ओळखीची. १०.८ व्होल्ट, बॅटरीशिवाय वजन सव्वा किलोच्या आसपास. बागेतली छाटणी आणि मनगटाएवढ्या फांद्या यांसाठी उत्तम, पण घाटात अपुरी.
- १५ सेंटिमीटर, म्हणजे ६ इंच. मकिता डीयूसी१५० आणि मिलवॉकीची एम१२ हॅचेट या मापातल्या. १० ते १२ सेंटिमीटर जाडीची फांदी एका कापात होते.
- २० सेंटिमीटर, म्हणजे ८ इंच. डीवॉल्टची डीसीसीएस६२३, मिलवॉकीची एम१८ हॅचेट. गाडीत ठेवायला हे माप बहुतेकांसाठी पुरेसं आहे.
- २५ ते ३० सेंटिमीटर. ही खऱ्या अर्थाने चेनसॉ. दोन हातांनीच चालवायची. शेत, बाग, लाकूडफाटा असं नेहमीचं काम असेल तरच घ्या.

बारची लांबी म्हणजे कापता येणारी जाडी, असा हिशेब करू नका. यंत्राच्या तोंडाशी असलेले दात आणि टोकाचं संरक्षक कवच यांत काही सेंटिमीटर जातात. दोन्ही बाजूंनी कापून जास्त जाड लाकूडही तोडता येतं हे खरं. पण दोन्ही काप एका रेषेत आणायला सराव लागतो आणि भर पावसात, मागे हॉर्न वाजत असताना तो सराव होत नाही.

निवड १५ आणि २० सेंटिमीटर यांत अडली असेल, तर २० घ्या. वजनातला फरक डिकीला कळत नाही. फक्त पायी चालणाऱ्यांनी १५ च्या वर जाऊ नये.

व्होल्टचा घोळ

दुकानदार सगळ्यात जास्त गंडवतात ते इथे, आणि कधीकधी त्यांना स्वतःलाही ते माहीत नसतं.

लिथियम-आयनचा एक सेल सरासरी ३.६ व्होल्टचा असतो. पूर्ण चार्ज झाल्या झाल्या तो सुमारे ४.२ दाखवतो. पाच सेल ओळीने जोडले की ३.६ गुणिले ५, म्हणजे १८ व्होल्ट. तेच पाच सेल पूर्ण भरलेले मोजले की २० ते २१. म्हणजे एकाची ‘१८ व्होल्ट’ आणि दुसऱ्याची ‘२० व्होल्ट मॅक्स’ ही एकच गोष्ट आहे. १०.८ आणि ‘१२ मॅक्स’ यांचंही तेच. इथपर्यंत निदान हिशेब लागतो.

बिननावाच्या यंत्रांवर मात्र ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ असे आकडे छापलेले दिसतात. त्या शेवटच्या ‘एफ’कडे कुणाचं लक्ष जात नाही. तो आकडा व्होल्ट नसतोच, ते विक्रेत्याने दिलेलं नाव असतं. आत बहुतेकदा तेच पाच सेल असतात.

म्हणून व्होल्ट विचारू नका, वॅट-तास विचारा. बॅटरीवर ‘डब्ल्यूएच’ असा आकडा छापलेला असतो. नसेल तर व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणा. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तास म्हणजे ९० वॅट-तास. जीटीए २६ ची बॅटरी २८ वॅट-तासांची आहे. टाकीत पेट्रोल किती, याचं उत्तर हा आकडा देतो. ज्या बॅटरीवर ना वॅट-तास ना अँपिअर-तास, ती हातातही घेऊ नका.

आता जाहिरातीतल्या ‘एका चार्जमध्ये १०० काप’ या वाक्याकडे बघू. ते काप साधारणपणे १० सेंटिमीटर जाडीच्या, मऊ, पाइनसारख्या लाकडाचे असतात. फांदीची जाडी दुप्पट झाली की कापायचं क्षेत्र चौपट होतं. म्हणजे २० सेंटिमीटरच्या फांदीचे १०० नाही, २५ काप. तेही पाइनचे. तुमच्यापुढे पडलेलं असतं ते ओलं ऐन, किंजळ, खैर किंवा जांभूळ. ही पाइनपेक्षा बरीच घट्ट लाकडं. म्हणून २५ मधूनही सढळ हाताने वजाबाकी करा. उलट पांगारा, सावर, गुलमोहर असेल तर करवत हसतखेळत चालते. जाहिरात सॅनफ्रान्सिस्कोतली असो की शांघायची, तिला सह्याद्रीचं लाकूड माहीत नसतं.

हिशेबाचा निष्कर्ष असा की गाडीसाठी १८ व्होल्टच्या वर्गात निदान ७० ते ९० वॅट-तासांच्या दोन बॅटऱ्या लागतात. एकच मोठी घेण्यापेक्षा दोन मध्यम बऱ्या. एक भिजली, पडली किंवा रुसली तर दुसरी असते.

घरात आधीच कोणती बॅटरी आहे?

यंत्राची किंमत वेगळी आणि बॅटरी-चार्जरची वेगळी. अनेकदा दोन बॅटऱ्या आणि चार्जर मिळून यंत्राएवढाच खर्च होतो. तुमच्याकडे किंवा घरातल्या कुणाकडे ड्रिल, ग्राइंडर, गवत कापायचं यंत्र असेल, तर आधी त्याची कंपनी बघा. मकिताचं ड्रिल असलेल्याने १८ व्होल्टचीच मकिता चेनसॉ घ्यावी. दुसऱ्या कंपनीची चेनसॉ पाच टक्के चांगली असली म्हणून वेगळी बॅटरी, वेगळा चार्जर आणि वेगळा खोका घेत बसू नये.

एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्राला लावणारे जोड ऑनलाइन मिळतात. बॅटरी फार उतरली की आपोआप बंद करणारी यंत्रणा काही कंपन्यांत बॅटरीत असते, काहींत यंत्रात. जोड लावला की ही यंत्रणा निकामी होऊ शकते आणि सेल खोलवर उतरून कायमचे जातात. त्यामुळे जोड नकोच.

दुकानात हातात घेतल्यावर

ऑनलाइन घ्यायची असली तरी एकदा दुकानात जाऊन हातात घ्या. पाहायच्या गोष्टी या:

- सेफ्टी बटण. ट्रिगरच्या आधी दाबायचं वेगळं बटण हवंच. ते अंगठ्याने सहज दाबलं जातं का, हातमोजा घालूनही, हे बघा. डाव्या हाताने काम करणाऱ्यांनी तर नक्की.
- ऑइल. काही छोट्या यंत्रांत चेनला तेल आपोआप जातं, काहींत हाताने थेंब सोडावे लागतात. जीटीए २६ दुसऱ्या प्रकारातली. आपोआप तेल सोडणारी सोयीची असते, पण गाडीत आडवी ठेवली की गळते. दोन्हीचा विचार करून घ्या.
- चेनचा ताण. नवी चेन पहिल्या वापरात ताणली जाते आणि सैल पडते. ताण देण्याचा स्क्रू हाताने फिरतो की पाना लागतो? पाना लागत असेल तर तो यंत्रातच अडकवायची जागा आहे का?
- सुटी चेन मिळते का? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. चेनचा पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या हे तीन आकडे जुळले तरच चेन बसते. छोट्या यंत्रांत पाव इंच पिच आणि १.१ मिलिमीटर गेज बरेचदा असतो. दुकानदाराला त्याच वेळी दोन सुट्या चेन मागा. ‘मागवून देतो’ म्हणाला तर यंत्रही तेव्हाच घ्या.
- टोकाचं कवच. बारच्या टोकावर उघडमीट होणारं झाकण असेल तर नवशिक्यासाठी चांगलं.

हँडल वरच्या बाजूला असलेल्या काही चेनसॉ दुकानात आकर्षक दिसतात. त्यांना टॉप हँडल म्हणतात. झाडावर दोराला लटकून काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसांसाठी त्या बनवलेल्या असतात. जमिनीवर उभं राहून काम करणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

ऑनलाइन दोन-चार हजारांत मिळणाऱ्या बिननावाच्या यंत्रांबद्दल काय? घरच्या जास्वंदीची छाटणी करायची असेल तर चालून जातील. पण ज्या यंत्राच्या भरवशावर तुम्ही रात्री आठ वाजता आंबोलीच्या घाटात उतरणार आहात, त्याची सुटी चेन कुठे मिळते आणि बॅटरी गेली तर कोण बदलून देतं, या दोन प्रश्नांना त्यांच्याकडे उत्तर नसतं.

गाडीत ठेवायची रीत

बॅटरीचा शत्रू ऊन. मे महिन्यात उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीत तापमान ६० अंशांच्या पुढे सहज जातं. बहुतेक उत्पादक बॅटरी ४०-५० अंशांच्या आत ठेवायला सांगतात. म्हणून यंत्र कायम डिकीत ठेवलंत तरी बॅटरी घरी ठेवा आणि प्रवासाला निघताना बरोबर घ्या. महिनोन् महिने पडून राहणार असेल तर अर्धी चार्ज करून ठेवा. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण उतरलेली ठेवली की आयुष्य घटतं.

प्रवासात बॅटरी यंत्राला लावलेली नको. बारवर म्यान, बॅटरीच्या तोंडावर प्लास्टिकचं झाकण आणि दोन्ही झाकण असलेल्या खोक्यात. सुट्या बॅटरीशेजारी पाने-स्क्रू मोकळे टाकू नका, तोंडाशी धातू लागला तर शॉर्ट होऊन आग लागू शकते. आपोआप तेल सोडणारी असेल तर टाकी रिकामी करून ठेवा किंवा खोक्यात जुन्या टॉवेलचा तुकडा अंथरा.

गाडीत चार्ज करायचं तर आणखी एक खोच आहे. सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा असतो, म्हणजे १२० ते १८० वॅट. इन्व्हर्टर लावून त्यावर कंपनीचा जलद चार्जर जोडला की बऱ्याच गाड्यांत फ्यूज उडतो. काही कंपन्यांचे गाडीसाठीचे १२ व्होल्टचे चार्जर वेगळे मिळतात. ते हळू भरतात, पण सुरक्षित.

खोक्यात यंत्राबरोबर एवढं असू द्या: एक सुटी चेन, बारच्या तेलाची छोटी बाटली, पाना, चेनच्या मापाची गोल कानस, जाड हातमोजे, डोळ्यांवर बसणारा चष्मा, लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या दोन पाचरी आणि दाबून बांधायची मोठी पट्टी असलेला प्रथमोपचाराचा संच. तेल संपलं तर जुनं इंजिन ऑइल घालायची आपल्याकडे सवय आहे. त्यात धातूची बारीक पूड असते, चेन आणि बार दोन्ही खराब होतात. एखाद दिवसापुरतं खाद्यतेल चालतं, मात्र घरी आल्यावर बार धुवा, नाहीतर ते वाळून चिकट होतं.

विमानाने जाणाऱ्यांसाठी: यंत्र बॅटरी काढून, तेल पुसून चेक-इन सामानात. सुटी बॅटरी मात्र केबिनमध्येच, तोंड झाकून. १०० वॅट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० साठी विमान कंपनीची लागते, त्यापुढची नेताच येत नाही. लडाखला निघालेल्यांनी मात्र यंत्र घरीच ठेवावं. तिथे वाट अडवते ती दरड.

आडवं झाड कापताना

पहिली नजर झाडाकडे नको, वर टाका. विजेची तार तुटून झाडात अडकली असेल, तर दहा मीटरच्या आत जाऊ नका, गाडीतून उतरलेल्या इतरांनाही जाऊ देऊ नका आणि १९१२ ला फोन करा. बॅटरीची करवत आहे म्हणून शॉक बसत नाही, असं समजणारे लोक खरोखर असतात.

मग लाकडातला ताण वाचा. झाड दोन्ही टोकांना टेकलेलं आणि मध्ये अधांतरी असेल तर वरची बाजू दाबात असते, खालची ताणात. वरून सुरू केलेला काप खोल गेला की मिटतो आणि करवत गिळतो. ताम्हिणीतल्या त्या माणसाचं नेमकं हेच झालं. म्हणून वरून फक्त एक तृतीयांश कापा, मग खालून वर येत काप पूर्ण करा. फांदी एका टोकाला धरलेली आणि दुसरं टोक लोंबतं असेल तर उलट: आधी खालून थोडं, मग वरून. काप मिटायला लागतोय असं दिसलं की पाचर मारा.

मुळासकट उपटलेल्या झाडाच्या बुंध्याजवळ कापू नका. वरचं वजन गेलं की मुळांचा गड्डा परत खड्ड्यात बसतो आणि बुंधा झटक्यात उभा राहतो. पडलेल्या झाडाखाली धनुष्यासारखं वाकलेलं रोपटंही तसंच, कापताच ते चाबकासारखं सुटतं.

छोट्या चेनसॉचा खास अपघात वेगळाच आहे. यंत्र एका हाताने चालतं, म्हणून दुसरा हात फांदी धरायला पुढे जातो. टोकाचा वरचा कोपरा दुसऱ्या फांदीला लागला की यंत्र उसळी मारतं आणि डावा हात वाटेत असतो. नियम एकच ठेवा. यंत्र दोन्ही हातांनी धरता येत असेल तर दोन्ही हातांनी, नाहीतर मोकळा हात पाठीमागे. आणि खांद्याच्या वर कधीही कापू नका.

मातीबद्दल सांगायला हवं. कोकणातल्या लाल चिखलाने माखलेलं खोड न पुसता कापलं, किंवा काप संपताना चेन जमिनीला टेकली, तर एका क्षणात धार जाते. फडकं मारा, खाली दगड किंवा लाकूड सरकवून खोड वर घ्या. धार गेल्याची खूण सोपी आहे: धारदार चेन लाकडाचे छोटे छोटे तुकडे उडवते, बोथट चेन पिठासारखा भुसा पाडते. पीठ पडायला लागलं की जोर लावू नका, चेन बदला. नवी चेन बसवताना बारच्या वरच्या बाजूच्या दातांची तोंडं टोकाकडे हवीत. नव्याने यंत्र घेतलेले अनेकजण ती उलटी बसवतात आणि यंत्रच बिघडलंय म्हणून दुकानात नेतात.

वन कायद्यात काय बसतं

यंत्र विकत घेणं आणि बाळगणं हा गुन्हा नाही. पण ते कुठे चालवता, यावर सगळं अवलंबून आहे.

राखीव जंगलात झाड तोडणं, फांद्या छाटणं, लाकूड बाहेर नेणं हे भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे. पडलेलं, वाळलेलं लाकूडही जंगलातून आलं की वनोपजच असतं. याच कायद्याच्या कलम ५२ नुसार वनगुन्ह्यात वापरलेली हत्यारं आणि वाहन जप्त करता येतं. म्हणजे चुलीसाठी उचललेल्या चार ओंडक्यांपायी जीप अडकू शकते. हे लक्षात ठेवून वाट मोकळी करताना कापलेलं लाकूड तिथेच कडेला रचा, गाडीत घालू नका.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो आणि तो आणखी कडक आहे. ट्रेकर्सच्या आवडीच्या कितीतरी जागा याच हद्दीत येतात. हरिश्चंद्रगड आणि रतनगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, वासोटा कोयना अभयारण्यात, भीमाशंकर तर स्वतःच अभयारण्य. अशा वाटेवर पाठपिशवीतून चेनसॉ नेऊ नये. नाक्यावर ती सापडली तर ‘फक्त वाट मोकळी करायला’ हे उत्तर वनरक्षकाने का मानावं? वाट बंद असेल तर वनक्षेत्रपालांच्या कार्यालयाला कळवा. गडावरच्या श्रमदानालाही हेच लागू आहे. संरक्षित किल्ल्याच्या तटातलं झाड कापायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि तटात रुजलेला पिंपळ नुसता वरून कापून मुळं आत सोडली तर तट वाचत नाही, हा वेगळा मुद्दा.

आपल्या मालकीच्या जमिनीवरही सगळं मोकळं नाही. महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम, १९६४ च्या यादीत साग, आंबा, फणस, हिरडा, खैर, ऐन, किंजळ, चंदन, जांभूळ अशी झाडं आहेत, ती तोडायला परवानगी लागते. शहरी भागात १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे आणि गोव्यात १९८४ चा. घाटरस्त्यावर पडलेल्या झाडाच्या फांद्या वाहतुकीसाठी बाजूला करणं आणि उभं झाड कापणं, या दोन गोष्टींत फार फरक आहे. काम करण्याआधी आणि झाल्यावर एकेक फोटो काढून ठेवा, तारीख-वेळेसह.

बिल, हमी आणि तक्रार

बिल पक्कं घ्या. खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, मूळ देश आणि आयातदाराचं नाव-पत्ता असायला हवा. ऑनलाइन विक्रेत्यालाही मूळ देश दाखवणं बंधनकारक आहे. परदेशातून येताना कुणी आणून दिलेल्या यंत्राची हमी भारतात चालेलच असं नाही, आणि चार्जर आपल्या २३० व्होल्टला चालतो का हेही बघावं लागतं. अमेरिकेतल्या भाच्याने प्रेमाने आणलेला चार्जर बहुतेकदा १२० व्होल्टचा असतो. तो इथे लावला की धूर निघतो.

हमी यंत्राची वेगळी, बॅटरीची वेगळी असू शकते. चेन आणि बार हमीत धरत नाहीत. यंत्र सदोष निघालं आणि विक्रेता दाद देत नसेल, तर आधी लेखी तक्रार करा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तिथेही सुटलं नाही तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. ‘४८ व्होल्ट’ म्हणून विकून आत १८ व्होल्ट निघणं ही दिशाभूल आहे, तेवढ्यावरही तक्रार करता येते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट मात्र खरेदीच्याच दिवशी घ्या, नंतर पान बदललेलं असतं.

बॅटरी फुगली, गरम राहू लागली किंवा पडून कवच तडकलं तर ती पुन्हा चार्ज करू नका आणि कचऱ्यातही टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. कंपनीच्या सेवा केंद्रात नेऊन द्या.

यंत्र घेतलंत तर पाऊस येण्याआधी, मे महिन्यातच, घरामागच्या वाळक्या फांदीवर चार-पाच काप करून बघा. चेन ताणून, तेल घालून, एकदा बदलूनही बघा. आणि खोक्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा. त्यावर एवढंच लिहा: तार तुटली तर १९१२, वनखातं १९२६, राष्ट्रीय महामार्ग १०३३, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, जखम झाली तर १०८.